सुट्टीच्या दिवशी आलेला फोन

ही गोष्ट माझ्या बायकोला ठाऊक नाही. आईला नाही. ज्यांच्या शेजारी बसून हजारो तास विमान चालवलं, त्यांनाही नाही — आणि कॉकपिटचं दार बंद झालं की माणूस काय काय बोलून बसतो, तुम्हाला कल्पना नाही. एकाच माणसाला ती ठाऊक होती, आणि त्यालाही मी सांगितली नव्हती. त्याची त्यालाच कळली. तो माणूस आता नाही. म्हणून तुम्हाला सांगतोय. पण जरा वळसे घेत सांगू द्या — सरळ सांगता आलं असतं तर इतकी वर्षं थांबलो कशाला असतो?

आधी अभिमानाचं सांगतो. ते मला बरं जमतं.

मी अंबरनाथचा. पूर्वेला, एमआयडीसीच्या अलीकडे आमची वस्ती — चाळीसेक घरं, मधोमध विहार, विहारासमोर सिमेंटचा बाक. त्या वस्तीतून विमान चालवणारा पहिला माणूस मी. वस्तीचं सोडा, विठ्ठलवाडीपासून बदलापूरपर्यंत आमच्या समाजात त्या काळी दुसरा कोणी असेल तर मला आणून दाखवा. हे सांगताना आजही माझी छाती फुगते, आणि मी ती फुगू देतो. सरकारी शिष्यवृत्ती, आईच्या बांगड्या आणि वडिलांचा हट्ट — एवढ्यावर मी लायसन्स काढलं.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. रंगाच्या कंपनीत ऑपरेटर होते. त्यांच्या नखांच्या कडा कायम निळसर असायच्या, काम सुटल्यावरही कितीतरी वर्षं तो निळा गेला नाही. मी सहावीत असताना त्यांच्या कंपनीला टाळं लागलं. चौदा महिने. दादा रोज पूर्वीच्याच वेळेला डबा घेऊन निघायचे आणि गेटसमोर जाऊन बसायचे. डब्यात काय असायचं ते विचारू नका. मध्येच कंपनीने काही माणसांना गुपचूप मागच्या गेटने आत घ्यायला सुरुवात केली. दादांना दोनदा निरोप आला — ये, सुपरवायझर करतो. दादा गेले नाहीत. युनियनचे सेक्रेटरी गायकवाडमामा आमच्या दोन घरं सोडून राहायचे, ते हे सगळ्यांना सांगायचे. आमच्या वस्तीत एखाद्याला 'मागच्या गेटने गेला' म्हणणं हे शिवीपेक्षा वाईट होतं. मी त्याच वस्तीत वाढलो. म्हणजे मला कळत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

आता माझ्या कंपनीचं. तेव्हा नव्या विमानकंपन्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या, त्यातलीच एक. विमानं भराभर घेतली, पायलट मात्र पुरेसे घेतले नाहीत. मग वेळापत्रक चालायचं कसं? आमच्या सुट्ट्यांवर. सुट्टीच्या दिवशी ऑफिसातून फोन यायचा — आज एक फेरी करता का? नियम असा की सुट्टीचं उड्डाण पायलटच्या खुशीचं. तो हो म्हणाला तरच. पण एकदा फोनवर हो म्हटलं की त्याची नोंद व्हायची, आणि नंतर माघार घेतली तर गैरहजेरी. एवढा एक नियम लक्षात ठेवा. पुढे मला तो फार उपयोगी पडला.

वाद पेटला तो दोन माणसांना निलंबित केल्यावरून. आमच्या वतीने मॅनेजमेंटशी बोलायला गेले होते, त्यांनाच घरी बसवलं. त्यातले एक कॅप्टन सलढाणा — वसईचे, मराठी तुमच्या-माझ्यासारखं बोलणारे, नव्या को-पायलटला चूक दाखवतानासुद्धा आधी चहा पाजणारे. संप करायचा तर नोकऱ्या जातील. मग करायचं काय? आपापसात बोलून ठरवायला हवं होतं, आणि विमानतळाच्या आसपास भिंतींनाही कान. तेव्हा जागा मी सुचवली. बदलापूरच्या पुढे, बारवी धरणाच्या रस्त्यावर, ओळखीतल्या एकाचं फार्महाऊस होतं.

काय तो दिवस! वीस-बावीस पायलट, आपापल्या गाड्या घेऊन, बदलापुरात रस्ता चुकलेले. देशभर विमानं नेणारी माणसं पानवाल्याला विचारत होती — धरण किधर है? गावातल्या दोन बायकांनी गावठी कोंबडी आणि तांदळाच्या भाकऱ्या केल्या होत्या. सगळे तुटून पडले. मी यजमानासारखा वाढत होतो, आणि मला फार ग्वाड वाटत होतं — हो, घरचाच शब्द आला, येऊ द्या.

जेवणानंतर आंब्याखाली चर्चा बसली. सुट्टीचं उड्डाण नाकारायचं का? काही जण म्हणाले, प्रवाशांचा काय दोष? तरुण पोरं म्हणाली, आम्हाला उड्डाणाचे तास हवेत, तास नाहीत तर बढती नाही. माझा खोलीसोबती बत्रा — आम्ही दोघं अंधेरीला एका फ्लॅटमध्ये राहायचो — तो म्हणाला, एकाने जरी उडवलं तरी बाकीच्यांचं बसणं फुकट. तासभर नुसता गोंधळ. मग मी उठलो. म्हणालो, खुशीचं काम आहे ना? मग खुशी काढून घ्या. सुट्टी म्हणजे सुट्टी. फोन बंद ठेवा, आणि चुकून लागलाच तर एकच शब्द — नाही. कारण द्यायचं नाही, कारण दिलं की ते त्याला उत्तर शोधतात.

टाळ्या पडल्या. सलढाणांनी माझा खांदा दाबला. तोच ठराव झाला, सगळ्यांनी हात वर केले, माझा सगळ्यात वर.

हे शब्द कुठून आणले होते मी? गेटसमोर बसणाऱ्या दादांच्या तोंडून लहानपणी ऐकलेले होते, एकूण एक. पण मी तिथे दादांचं नाव घेतलं नाही. तिथल्या कुणाचे वडील हवाई दलात, कुणाचे डॉक्टर. माझे वडील 'केमिकलमध्ये' होते, असं मी सांगत आलो होतो, आणि लोक आपापल्या मनाने त्यांना मॅनेजर करून टाकत. चौदा महिन्यांचं बोलायला त्या अंगणात माझ्याइतका अधिकार कुणालाच नव्हता. आणि मी गप्प बसलो. हीही चूकच आहे. पण ती नाही.

पुढच्याच आठवड्यात माझ्या दोन सुट्ट्या होत्या. मी अंबरनाथला घरी आलो, ठरल्याप्रमाणे मोबाईल बंद केला. वस्तीत लगबग चालली होती. दहा दिवसांनी रविवारी विहाराच्या हॉलमध्ये माझा सत्कार, आणि पोरांनी उत्साहाच्या भरात फ्लेक्स आधीच लावून टाकला होता. गल्लीच्या तोंडाशी, दोन विजेच्या खांबांना बांधून — वर बाबासाहेब, खाली गणवेशातला मी, आणि ठळक अक्षरात 'कॅप्टन'.

मी कॅप्टन नव्हतो. को-पायलट होतो, उजव्या सीटवर बसणारा. कॅप्टनची सीट डावी. बढतीच्या सगळ्या परीक्षा झाल्या होत्या, एक शेवटचं उड्डाण राहिलं होतं — डावीकडे बसायचं, शेजारी बसलेल्या तपासनीस कॅप्टनने पाहायचं, आणि पास की नापास ते सांगायचं. वाद सुरू झाला तसं ते लटकलं. वस्तीला हा फरक कुठे माहीत? विमान चालवतो तो कॅप्टन. भाजीवाली म्हणायची कॅप्टन, गायकवाडमामा बाकावरून हाक मारायचे, 'काय कॅप्टन, जय भीम!' मी कुणालाच दुरुस्त केलं नाही. पण तो फ्लेक्स बघितला आणि मी मान खाली घालून गल्लीत शिरलो. छापलेलं खोटं हे बोललेल्या खोट्यापेक्षा मोठं दिसतं.

त्या सकाळी दहाच्या सुमाराला मी आंघोळीला गेलो होतो. आणि घरातला फोन वाजला. ऑफिसात दोन नंबर द्यावे लागत — एक मोबाईलचा, एक घरचा. मी अंबरनाथचा दिला होता. आपणच ठराव मांडला, आपणच मोबाईल बंद केला आणि हा दुसरा नंबर विसरलो. दादांनी फोन घेतला. बाथरूमच्या पत्र्याच्या दारातून मला सगळं ऐकू येत होतं.

"उसका छुट्टी है," दादा म्हणत होते. "वो नहीं आएगा. जो बोलने का है, युनियन से बोलो."

आणि फोन ठेवला.

मी त्यांना काही शिकवलं नव्हतं. आमचं काहीतरी चाललंय एवढंच त्यांना माझ्या बोलण्यातून कळलेलं. बाहेर आलो तर दादा खुर्चीत ताठ बसलेले. म्हणाले, "तुज्या हापिसाचा फोन आलता. सांगितलं, येनार न्हाई. बराबर ना?" त्यांचे डोळे असे काही चमकत होते — कंपनी बंद पडल्यानंतर ते तसे मी पाहिले नव्हते.

"बरोबर," मी म्हणालो.

मग दादा पिशवी घेऊन उल्हासनगरला गेले. सत्काराला नवा पांढरा शर्ट शिवायचा होता, कापड त्यांना तिथल्याच एका सिंधी दुकानदाराकडून लागायचं. आई शेजारणीकडे गेली होती. घरात मी आणि तो फोन.

आता आलो आपण तिथे. आणखी वळसे उरले नाहीत.

मी ऑफिसला फोन लावला. मी — मीच. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं, परत कुणाचा फोन आलाही नव्हता. कशासाठी फोन केला होतात, एवढंच विचारलं. पलीकडचा माणूस म्हणाला, उद्या दुपारी नागपूर आणि परत, उद्याही तुमची सुट्टीच आहे, पण तपासनीस उद्याच मोकळे आहेत. तुमचं शेवटचं उड्डाण उरकून टाकू. नाही म्हणालात तर हा वाद मिटेपर्यंत काही सांगता येत नाही.

'नाही' हा एक शब्द. कारणही द्यायचं नव्हतं. मीच सांगितलं होतं ना आंब्याखाली?

मी म्हणालो, हो. येतो.

दादांना संध्याकाळी सांगितलं, काही कागदांवर सह्या करायला बोलावलंय. गणवेश कशाला, असं त्यांनी विचारलं नाही, तरी मी सांगितलं — फोटो काढायचाय. दुसऱ्या दिवशी मी डाव्या सीटवर बसलो. आणि आता खरं बोलायचंच ठरवलंय तर हेही ऐका — मी सुंदर उडवलं. नागपूरला उतरवलं तेव्हा चाकं कधी टेकली ते कळलं नाही. ज्या शहरात माझ्या आज्याने पायी जाऊन दीक्षा घेतली, त्या शहरात मी डाव्या सीटवरून उतरलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पाणी खोटं नव्हतं. ते उड्डाण खोटं होतं. दोन्ही एकाच वेळी कसं असू शकतं? मला अजून कळलेलं नाही.

आमच्या ठरावाचा जोर एवढाच होता की कोणीच जात नव्हतं. ते विमान त्या दिवशी रद्द व्हायचं होतं. ते गेलं, आणि ऑफिसने ती गोष्ट सगळ्यांना फोन करकरून सांगितली — तुमचा ठराव ज्याने मांडला तोच आला, तुम्ही कशाला अडून बसता? दोन दिवसांत चार जण गेले. आठवड्यात सगळं मोडलं. मॅनेजमेंट बोलणी करायला बसायला तयार झालं होतं, ते उठून गेलं. सलढाणांचं निलंबन काही मागे घेतलं नाही. पुढे ते आखातात कुठल्याशा कंपनीत गेले, बायकोमुलं वसईला ठेवून.

बत्राने मला फ्लॅटच्या दारातच धरलं. ये क्या किया तूने? आणि माझ्या तोंडून उत्तर असं निघालं, जसं काही वर्षभर तयार करून ठेवलेलं. म्हणालो, मी कुठे काय केलं? माझा मोबाईल बंदच होता. घरच्या नंबरवर फोन आला, वडिलांनी घेतला. साधा माणूस आहे, समोरून साहेब इंग्रजीत बोलला, ते घाबरून हो म्हणाले. नोंद झाली. गेलो नसतो तर गैरहजेरी लागली असती.

बत्रा आधी बघत राहिला आणि मग हसला. अंकलने मरवा दिया यार! त्याने ते चौघांना सांगितलं. चौघांनी सगळ्यांना. रागाचा विनोद झाला. आपल्याच माणसाने दगा दिला, यापेक्षा एक भाबडा म्हातारा चुकला, हे सगळ्यांनाच पचायला सोपं गेलं. माझ्याशी कुणी बोलणं सोडलं नाही. उलट चहाच्या टेबलावर मला टपल्या मिळाल्या. घाबरून हो म्हणाले — हे मी त्या माणसाबद्दल म्हणालो, ज्याने चौदा महिन्यांत मागच्या गेटकडे मान वळवूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

सत्कार ठरल्या रविवारी सकाळी झाला. बढतीचं पत्र आलं होतं, म्हणजे फ्लेक्स आता खरा होता. हॉल गच्च. पुढच्या रांगेत दादांच्या कंपनीतले म्हातारे, त्यांच्या मधोमध गायकवाडमामा. दादा नव्या पांढऱ्या शर्टात, गळ्यात हार — तो माझ्या आधी त्यांना घालायचा, असं वस्तीनेच ठरवलं होतं. आणि दारातून कोण यावं? सलढाणा. निलंबित माणूस, वसईहून अंबरनाथला, हातात पुष्पगुच्छ घेऊन. माझ्या मोठेपणाचा साक्षीदार व्हायला आले होते ते.

त्यांनी मला मिठी मारली. मग दादांचा हात हातात घेतला आणि मनापासून हसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काका, तुमच्या एका 'हो'ने आमची अख्खी युनियन झोपवली हां! फोनवर एवढं घाबरायचं असतं का?"

दादांना आधी समजलं नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

किती वेळ पाहिलं असेल? मी मोजू शकलो नाही. मला एवढंच आठवतं की मी बोलू शकलो असतो. तोंड उघडायला भरपूर वेळ होता. माझ्या खांद्यावर कॅप्टनच्या चार पट्ट्या होत्या, समोर माझी सगळी वस्ती होती — आणि मी हाराच्या फुलांकडे पाहत उभा राहिलो.

"व्हय साहेब," दादा म्हणाले. "चुकलं माजं. म्हाताऱ्या मानसाला काय कळतंय."

गायकवाडमामा खुर्चीतून उठले. "तू?" ते म्हणाले. "तू हो म्हनलास?"

"म्हनलो," दादा म्हणाले.

एवढंच. मग टाळ्या झाल्या, भाषणं झाली, मीही बोललो. सगळ्या वस्तीचा अभिमान वगैरे.

गायकवाडमामांनी भांडण केलं नाही, ते तसे नव्हते. पण विहारासमोरच्या बाकावर दादांची एक ठरलेली जागा होती, टोकाची. त्या रविवारनंतर दादा तिथे बसायला गेले नाहीत. आईने विचारलं तर म्हणायचे, गुडघे दुखतात. मग सकाळी अर्धा तास चालून यायचे, बाक टाळून, मागच्या रस्त्याने.

माझ्याशी ते या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत. रागावले नाहीत, तुटक वागले नाहीत. माझा चार पट्ट्यांचा फोटो त्यांनी स्वतः भिंतीवर लावला आणि येईल त्याला दाखवला, त्याच अभिमानाने. तो अभिमान खरा होता, हे मला माहीत आहे. फक्त एक गोष्ट बदलली. मी घरी असताना फोन वाजला की दादा तो उचलायचे नाहीत. फोन त्यांच्या खुर्चीशेजारीच असायचा, हात लांबवला की लागेल इतका. तो वाजत राहायचा. निळसर नखांचे ते हात मांडीवर तसेच असायचे, आणि दादा आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणायचे, "तुजा असंल. तूच बोल."

दादा जाईपर्यंत, सहा वर्षं, हे असंच चाललं. दर वेळी मी उठून आलो, आणि दर वेळी फोनवरच बोललो, दादांशी नाही.

त्या दिवशी माझ्या वडिलांनी नाही म्हटलं होतं. हो मी म्हणालो.